नव्या गाडीचा सव्वा महिना

नवी मोटारसायकल घेतली त्याच संध्याकाळी देऊळघाटच्या रस्त्यावर मला समोर एक काळा खड्डा दिसला. मी ब्रेक मारला. खड्डाही थांबला. मी हळूच गाडी पुढे घेतली, तर तोही पुढे सरकला. उजवीकडे वळवली, तोही उजवीकडे. कोर्टात कारकुनी करणारा माणूस आयुष्यात बरंच काही बघतो, पण सोबतीला चालणारा खड्डा मी पहिल्यांदाच बघत होतो. शेवटी खाली उतरलो, तेव्हा हेडलाइटच्या काचेवर मधोमध काजळाची तीट सापडली. चांगली अंगठ्याएवढी, घोटून घोटून लावलेली.

गाडी घरासमोर आली तेव्हा हार घालायला बायको होती आणि पेढे खायला सगळी गल्ली होती. तीट लावणारी बाई मात्र एकच असू शकत होती. सकाळी मी समोरच्या घरी गेलो.

“सिस्टर, लाइटला तीट तुम्ही लावली?”

“हाव. काऊन?”

“अहो, अपघात झाला असता माझा!”

“तीट व्हती म्हनून नाही झाला,” निर्मला सिस्टर म्हणाल्या. “साऱ्या गल्लीचे डोये लागले व्हते तिच्यावर.”

“पण काचेवर कशाला? मडगार्डवर लावायची.”

“मडगार्डवर? लेकराले तीट पाठीले लावतेत काय रे, सुधाकर? तोंडालेच लावतेत न!”

यावर कोणता कायदा लागू होतो ते मला इतकी वर्षं कोर्टात काढूनही ठाऊक नाही. मी घरी येऊन ओल्या फडक्यानं काच पुसली. दुसऱ्या दिवशी तीट परत होती, फक्त या वेळी कडेला. एवढी तडजोड त्यांनी केली, हेच खूप होतं.

निर्मला सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बुलढाण्याच्या आसपासच्या कितीतरी गावांत त्यांनी नोकरी केली आणि सगळी नोकरी बाळंतपणाच्या खोलीत गेली. त्यामुळे त्या माणसांना नावानं ओळखत नाहीत, जन्मानं ओळखतात. बाजारात चांगला मिशीवाला गृहस्थ भेटला तर त्याच्या बायकोपोरांसमोर म्हणतील, “ओयखलं काय? तू पायाळू व्हता. तुह्या मायनं लय सोसलं.” एकदा आमच्या कोर्टात एका प्रतिष्ठित पक्षकाराला बघून त्या भर व्हरांड्यात म्हणाल्या, “हा रडतच नोहता! दोन चापटा मारल्या तवा रडला.” तो माणूस त्या दिवशी साक्षीला उभा राहिला तेव्हा त्याचा सगळा रुबाब उतरलेला होता.

नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी रेखा, तिचं लग्न होऊन ती धामणगाव बढ्याला गेली. निवृत्तीनंतर सिस्टरच्या हाताला काम राहिलं नाही. आणि बरोबर त्याच सुमाराला आमच्या गल्लीत नव्या गाड्या यायला लागल्या.

नव्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की पहिले काही शे किलोमीटर गाडी चाळीसच्या वर नेऊ नका, ओझं टाकू नका, इंजिनाचे भाग एकमेकांत नीट बसू द्या. हे आपण वाचत नाही. सिस्टरनं कोणाच्या तरी गाडीचं ते पुस्तक चष्मा लावून वाचलं आणि त्यांना साक्षात्कार झाला. “हा तर सव्वा महिना हाये!” त्या म्हणाल्या. “बाळंतिणीले उचलू देत नाही, धावू देत नाही, वाऱ्यात जाऊ देत नाही. यायनं तेच लिवलं, फक्त इंग्रजीत.”

झालं. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक नव्या गाडीचा सव्वा महिना सिस्टरच्या देखरेखीखाली होऊ लागला. तिन्हीसांजेला तिठ्यावर न्यायची नाही. मागे कोणाला बसवायचं नाही, सख्ख्या बायकोलासुद्धा नाही. पेट्रोल एकाच पंपावरचं भरायचं, कारण लेकराचं दूध सारखं बदलत नाहीत. धुवायची ती कोमट पाण्यानं. सकाळी गाडी सुरू करून लगेच पळवायची नाही. सिस्टर आपला जुना स्टेथोस्कोप घेऊन बाहेर येणार, कानात घालणार, इंजिनावर टेकवणार, डोळे मिटून ऐकणार आणि मग मान हलवून परवानगी देणार. तोवर आम्ही डबा, हेल्मेट सगळं घेऊन अंगणात ताटकळत उभे. उशीर होतोय म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं. बाळंतपणाच्या खोलीत त्यांनी हजारदा उच्चारलेला शब्द असावा तो. “दमानं. दमानं घे.”

एका डिसेंबरात थंडी फार पडली म्हणून त्यांनी माझ्या गाडीला गोधडी पांघरली. मी नुकताच कोर्टातून आलो होतो आणि सायलेन्सर तापलेला होता. गल्लीत जळका वास सुटला. बादलीभर पाणी ओतल्यावर सिस्टर गोधडीच्या भोकाकडे बघत गंभीरपणे म्हणाल्या, “ताप हाये तिले.” गोधडी आमच्याच दोरीवर वाळत घातलेली होती, हे बायकोनं त्यांना कधी सांगितलं नाही.

देऊळघाटचा अफसरभाई मिस्त्री हा या सगळ्यातला दुसरा बळी. गाडीचं ट्यूनिंग त्याच्याकडेच करायचं असा सिस्टरचा हुकूम असायचा, कारण अफसरभाई त्यांच्या हातून जन्माला आलेला. तो त्यांना समजावून दमला होता.

“सिस्टर, इंजिन हाय हे. लेकरू नोहे.”

“तू बी जन्मला तवा लेकरू वाटत नोहता. निळा पडला व्हता पार.”

गॅरेजमधली गिऱ्हाईकं हसायची आणि अफसरभाई मुकाट्यानं पाना उचलायचा. सिस्टर स्टेथोस्कोप लावून सांगायच्या, “ठोके जास्त पडून राह्यले. कमी कर.” आता नव्या गाड्यांत असं काही कमीजास्त करायला स्क्रूच नसतो. सगळं आतल्या आत यंत्र ठरवतं. अफसरभाई मला डोळा मारायचा आणि मोठ्या गंभीर चेहऱ्यानं नंबरप्लेटचा स्क्रू थोडा आवळायचा. सिस्टर पुन्हा ऐकायच्या. चेहरा उजळायचा. “आता कसं! आता झोपली सुखानं.” मी परत येताना हसू दाबत यायचो आणि खरं सांगायचं तर गाडीही बरी चालतेय असं मला वाटायचं.

लोक कुरकुरायचे, पण ऐकायचे. एका शेजाऱ्यानं मात्र नवी गाडी घेतली आणि सिस्टरच्या भीतीनं ती चुलत भावाच्या घरी लपवून ठेवली. तिचा पत्ता लागल्यावर सिस्टर तिथं जाऊन तीट लावून आल्या.

एवढं सगळं करणाऱ्या या बाईकडे स्वतःची गाडी कोणती? तर नोकरीत असतानाची जुनी मोपेड. चढ आला की ती थांबायची आणि सिस्टर उतरून तिला हाताशी धरून वर न्यायच्या. नवी घ्या म्हटलं तर म्हणायच्या, “मले कुठं जायचं हाये?”

आणि मग या वर्षी त्यांना जायची जागा मिळाली. रेखाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. सिस्टरनं ती बातमी अंगणात उभं राहून, आमच्या खिडकीकडे तोंड करून, अशा आवाजात सांगितली की शेजारच्या गल्लीतली माणसंही अभिनंदन करायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे इथं, आमच्यासमोर, सिस्टरच्या हातचं. त्यांनी जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. माझ्या बायकोनं डिंकाच्या लाडवांचं सामान आणलं. ओवा, बाळंतशेपा, वेखंड, सगळं बरण्यांत भरून झालं. ज्या बाईनं निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केली तिला अखेर स्वतःच्या घरातलं बाळंतपण मिळणार होतं.

पण सातव्या महिन्यात तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, की रेखाला घाटातले धक्के नकोत, प्रवासच नको, बाळंतपण तिकडेच होऊ द्या. सिस्टर स्वतः नर्स. डॉक्टरांचं बरोबर आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत मान्य केलं. आत जाऊन बरण्यांची झाकणं घट्ट लावली. त्यानंतर आठवडाभर त्या कोणाच्याही गाडीकडे फिरकल्या नाहीत आणि गल्ली अगदी सुनी सुनी वाटली.

आठवड्यानंतर त्यांनी मला हाक मारली. “सुधाकर, चाल. मले स्कूटर घ्यायची हाये.”

बेत सरळ होता. बाळंतपण सासरी होऊ दे. पण बाळाची आंघोळ आणि रेखाचा शेक-मालीश आपल्याच हातानं करायचा. रोज सकाळी धामणगावला जायचं आणि रोज संध्याकाळी परत यायचं, पूर्ण सव्वा महिना. “तिथंच राहा की,” मी म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती. लेकीच्या सासरी आई मुक्काम करत नाही. रोज राजूर घाट उतरायचा आणि रोज चढायचा, तर मोपेड कामाची नाही. नवी गाडी पाहिजे, आणि ती बाळ यायच्या आत तयार झाली पाहिजे.

काय दिवस होते ते! सिस्टरची मोरपंखी स्कूटर दारात उभी राहिली आणि गल्लीला कोणाच्या लग्नात येणार नाही इतका उत्साह आला. आता नियम करणारी बाईच नियमात सापडली होती. सकाळी सिस्टर इंजिन तपासायच्या, पदर खोचायच्या आणि देऊळघाटकडे निघायच्या. जाऊन यायच्या, चहा प्यायच्या, पुन्हा निघायच्या. सायकलवाले त्यांना मागे टाकायचे. आम्ही रोज मीटर बघायचो. मी कोर्टातून आल्यावर बूट काढायच्या आधी विचारायचो, “किती झालं?” आणि बायको आतून आकडा ओरडून सांगायची. अफसरभाईनं तर गॅरेजच्या पत्र्यावर खडूनं रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. नंबरप्लेटचा स्क्रू बहुतेक पार झिजला असावा.

“आता सहज साठनं न्या,” अफसरभाई म्हणायचा. “गाडी रवाँ हून राह्यली, मोकयी धावते आता. कायी होत नाही.”

“नोको. अजून कच्ची हाये.”

“अन् पोरगं आधीच आलं मंग?”

“येत नाही. म्या सांगतलं त्याले, दमानं घे म्हनून.”

त्यानं ऐकलं नाही. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि सिस्टर स्टेथोस्कोपशिवाय अंगणात धावत आल्या. तेवढ्यावरूनच मला काय ते कळलं. रेखाला पहाटे दवाखान्यात नेलं होतं, तारखेच्या बऱ्याच आधी.

“माझ्या गाडीवर बसा,” मी अर्ध्या दाढीनं म्हटलं.

“अन् उद्याच्या आंगोयीले कशानं जाऊ? माही गाडी तिथं पाह्यजे.” दुपट्यांचं गाठोडं त्यांनी स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं. “तू ये मांगून.”

तर अशी आमची वरात निघाली. पुढे सिस्टर, मागे मी. आणि वाचकहो, विश्वास ठेवा, काटा चाळीसवर. लेक तिकडे कळा देतेय, आई इकडे चाळीसनं चाललीय. कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओलांडलं. एसटीनं ओलांडलं. मी शेजारी गाडी घेऊन ओरडलो, “सिस्टर, आता तरी!” त्यांनी मान हलवली. “घाट हाये. नव्या गाडीचे ब्रेक बसले नाहीत अजून.” घाटातलं एकेक वळण त्यांनी इतकं जपून घेतलं, की मागच्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवणं सोडून हात जोडले. मला वैताग येत होता आणि हसूही येत होतं. त्यांच्या पाठीकडे बघितलं तर ती फळीसारखी ताठ होती. घाई त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती, फक्त ती त्यांना करता येत नव्हती.

राजूर ओलांडून सपाटीला लागलो आणि माझ्या खिशात फोन वाजला. रेखाच्या सासूबाई होत्या. मी गाडी कडेला घेऊन बोललो आणि मग सिस्टरना गाठलं. चाळीसनं जाणाऱ्याला गाठणं काही अवघड नसतं.

“सिस्टर, रेखा घाबरलीय. आईच पाहिजे म्हणतेय. सारखं तेच.”

सिस्टरनं गाडी थांबवली. समोर सरळ मोकळा रस्ता, दोन्हीकडे तुरीची शेतं. त्यांनी मीटरकडे बघितलं. मग वाकून स्कूटरच्या तोंडावरून हात फिरवला.

“माफ कर वं माय,” त्या म्हणाल्या आणि मूठ पिरगाळली.

मी माझ्या आयुष्यात एवढ्या आनंदानं कोणाच्या मागे पळालो नाही. चाळीस गेले, पन्नास गेले, साठ गेले, माझ्याच गाडीचा काटा सत्तरच्या पुढे लागला आणि तरी मोरपंखी ठिपका लांबच जात होता! पदर सुटून मागे फडफडत होता. मघाच्या ट्रॅक्टरला त्यांनी असं मागे टाकलं, की वर बसलेले लोक उभे राहून बघायला लागले. मोताळ्यात गर्दी होती म्हणून हळू झाल्या तेवढंच, गाव सुटलं की पुन्हा तेच. मी हेल्मेटच्या आत एकटाच ओरडत होतो, “चला सिस्टर! चला!” माझा चष्मा ओला झाला होता आणि तो वाऱ्यानं झाला असं मी घरी सांगितलं.

धामणगावच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा स्कूटर फाटकातच आडवीतिडवी उभी होती, चावी तशीच, इंजिन चालू. मी ते बंद करून आत धावलो.

व्हरांड्यात सासूबाई आणि सिस्टर शेजारी शेजारी उभ्या होत्या. आत जायला उशीर झाला होता, कारण आतून रडणं ऐकू येत होतं. खणखणीत. दार उघडलं. एक तरुण नर्स कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली, कोणाकडे द्यावं म्हणून तिनं बघितलं आणि सिस्टरचे हात आधीच पुढे होते. तिनं बाळ त्या हातांत ठेवलं.

त्या क्षणी सिस्टरचा चेहरा बदलला. धूळ, वारा, घाई सगळं गेलं. त्या ड्यूटीवर आल्या. त्यांनी कापड बाजूला केलं, हातपाय बघितले, बोटं बघितली, करंगळीनं टाळू चाचपली आणि कापड पुन्हा घट्ट गुंडाळलं. मग मान वर करून, व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मुलगी झाली. बाळ चांगलं हाये, बाळंतीण चांगली हाये.” आणि दोन्ही हात पुढे केले. “घ्या. आजी कोन हाये? आजीच्या हातात देते.”

सासूबाईंनी हात पुढे केले होते ते मागे घेतले आणि पदराखाली धरले.

“आजी तुम्हीच न हो, सिस्टर.”

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. हात तसेच पुढे.

“बाळंतपण माहेरी व्हायले पाह्यजे व्हतं,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “नाही झालं. मंग पयला मान तरी तुमचा राहू द्या. मी मांगून घेईन.”

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मीही का कोण जाणे एक पाऊल मागे सरलो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जसं काही अजून कोणीतरी यायचं राहिलंय. तेव्हा कुठे त्यांनी ते बाळ हळूहळू आपल्या छातीशी आणलं.

“मंग कोणालेच नाही द्यायचं?”

“कोणालेच नाही.”

“मी हिले घेऊनच बसू?”

“बसा न,” सासूबाई बाकावर सरकून जागा करत म्हणाल्या. “अन् रातच्याले बी राहा. लेकीचं घर म्हनू नोका, नातीचं म्हना.”

सिस्टर बसल्या. आयुष्यभर बाळं हातात घेऊन उभी राहिलेली ती बाई पहिल्यांदाच एक बाळ घेऊन बसली होती. मी उगाच भिंतीवरचे लसीकरणाचे फलक वाचायला लागलो. थोड्या वेळानं वळून बघितलं तर त्या बाळावर इतक्या वाकल्या होत्या, की दोघींपैकी कोणाचाच चेहरा दिसत नव्हता.